उभं पाणी

माझी सगळी नोकरी पाटावर गेली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो आणि मधल्या चौतीस वर्षांत कालव्याच्या भरावावरून किती कोस तुडवले याचा हिशेब नाही. पण ते चालणं नव्हतं. ती फिरती होती. फिरतीला भत्ता मिळतो, चालण्याला मिळत नाही. शिवाय फिरतीवरच्या माणसाची नजर आभाळाकडे जात नाही. कुठं भराव खचलाय, कुठं अस्तरीकरणातून पाणी पाझरतंय, कुणाची मोटार रात्री पाटात उतरते आणि पहाटे गुपचूप वर येते, हे बघण्यात आयुष्य गेलं. झोपेतसुद्धा एकच प्रश्न पडायचा, टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं का? बहुतेक वेळा पोचलेलं नसायचं.

अशा माणसाला मुलीनं फ्रान्समध्ये तुलूझला नेलं आणि कालव्याकाठी सोडून दिलं.

मुलगी आणि जावईबापू तिथं विमानांच्या कारखान्यात आहेत. व्हिसा नव्वद दिवसांचा. पहिल्या आठवड्यात आम्ही नवरा-बायकोनं त्यांची सगळी कपाटं लावली. दुसऱ्या आठवड्यात लावलेली कपाटं पुन्हा लावायला घेतली, तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आईला घेऊन कनालवर फिरून या ना.’’

‘‘कशाला?’’

‘‘कशाला म्हणजे? फिरायला.’’

उत्तर पटलं नाही, पण कालवा म्हटल्यावर पाय निघाले.

घरापासून दहा मिनिटांवर कनाल द्यू मिदी. दोन्ही काठांना उंच झाडं, मधे हिरवट पाणी, काठानं सायकलींची आणि पायी जाणाऱ्यांची वाट. मी सवयीनं आधी पाणी पाहिलं आणि थबकलो. पाणी हलत नव्हतं. प्रवाहाचा वेग बघायची आमची जुनी रीत आहे. वाळकं पान टाकायचं आणि ठरावीक अंतर जायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. मी पान टाकलं. ते टाकलं तिथंच राहिलं. पाच मिनिटांनी एक बदक आलं, त्यानं पान चोचीत धरून पाहिलं आणि नापसंत करून निघून गेलं.

‘‘अगं, पाणी सोडलेलंच नाहीये,’’ मी म्हणालो.

‘‘अहो, एवढं पाणी आहे की!’’

‘‘आहे, पण सोडलेलं नाही.’’

पाटबंधाऱ्यातल्या माणसाशी चाळीस वर्षं संसार करूनही हिला हा फरक कळत नाही.

संध्याकाळी जावईबापूंनी उलगडा केला. आपला कालवा शेतापर्यंत पाणी पोचवण्यासाठी असतो, हा पाण्यावरून माल पोचवण्यासाठी खणलेला. आपल्या कालव्याला ढाळ लागतो, याला सपाटी लागते. आणि वाटेत उंचवटा आला तर? तर बोट तो चढून जाते.

मी काही बोललो नाही. जावयाला लगेच खोटं पाडू नये.

पण त्यांनी पुढं जी हकीकत सांगितली, ती ऐकताना मी खुर्चीत सावरून बसलो. हा कालवा काढणारा पिएर-पॉल रिके इंजिनियर नव्हता. राजाच्या वतीनं मिठावरचा कर गोळा करणं हा त्याचा धंदा, म्हणजे रोज सकाळी लोकांच्या शिव्यांनी दिवस सुरू व्हायचा. त्या काळी अटलांटिक महासागराच्या बाजूचा माल भूमध्य समुद्राकडे न्यायचा तर जहाजांना सगळ्या स्पेनला वळसा पडे. देशाच्या आतून कालवा काढावा ही कल्पना जुनीच होती. घोडं अडत होतं ते मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून, या एका प्रश्नावर. रिकेनं नोरूझची खिंड हेरली. तिची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटर. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस अटलांटिकला जातो, दुसऱ्या अंगाचा भूमध्य समुद्राला. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला निघते आणि सावित्री पश्चिमेला, तसंच. मग त्यानं जवळच्या ‘काळ्या डोंगरा’तले ओढे अडवले, सें-फेरेओलला धरण बांधलं आणि तिथून चांगला ढाळ दिलेल्या पाटानं पाणी नोरूझच्या माथ्यावर आणलं. माथ्यावरून ते दोन्हीकडे उतरतं. म्हणजे या उभ्या पाण्याच्या मुळाशी शेवटी एक पाटच निघाला. मला फार बरं वाटलं.

चौदाव्या लुईचं फर्मान निघालं ऑक्टोबर १६६६ मध्ये, आपले महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी. तुलूझपासून सेतच्या बाजूच्या समुद्रापर्यंत २४० किलोमीटर खोदाई. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं कामावर असत आणि त्यांत माती वाहणाऱ्या बायाही होत्या. रिके आजारपणातही मजुरी देई आणि पावसानं काम बंद पडलं तरी देई. हे ऐकताना मला १९७२ आठवलं. दुष्काळी कामावर आमच्या गावाजवळ पाट खणत होते आणि आईबरोबर मीही घमेली उचलली होती. दुपारी सुकडी मिळायची. पावसानं काम बंद पडण्याची धास्ती मात्र आम्हाला नव्हती.

सरकारातून पैसा वेळेवर येईना तेव्हा रिकेनं पदरचा घातला, कर्ज काढलं. १६८० च्या ऑक्टोबरात तो वारला आणि पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. मुलांच्या वाट्याला कर्ज आलं. काम पुरं व्हायच्या आत माणूस संपणं मला नवं नाही, आमच्याकडे काही कालव्यांनी तीन-तीन पिढ्यांचे अधिकारी निवृत्त केलेत. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. २४० किलोमीटरचा कालवा, धरणासकट, पंधरा वर्षांत. हा आकडा मी जावईबापूंना दोनदा विचारून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज जायला लागलो.

काठावरच्या वाटेचे काही रिवाज आहेत. पहिला म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘बोंजूर’ म्हणायचं. ओळख असो नसो. आपल्याकडे अनोळखी माणसानं रस्त्यात नमस्कार केला तर त्याचं काम काय, या विचारानं पोटात गोळा येतो. मी पहिल्या दिवशी एकवीस बोंजूर केले आणि प्रत्येकाच्या मागून काय येतंय याची वाट पाहिली. काहीच आलं नाही. हिनं तर तिसऱ्या दिवशी सरळ ‘रामराम’ सुरू केलं. हसून म्हटलं की चालतं म्हणे. चालत होतं.

दुसरा रिवाज मला जास्त जड गेला. कुणीही ‘कुठं निघालात?’ असं विचारत नाही. आपल्याकडे पायी चाललेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊ देणं म्हणजे माणुसकी सोडणं. मुळात चालणाऱ्याला काही कारण लागतं. वारी असावी, डॉक्टरनं सांगितलेलं असावं, निदान कोथिंबीर तरी संपलेली असावी. इथं एखादं जोडपं थांबतं, हवेबद्दल दोन शब्द बोलतं आणि ‘बोन प्रोमनाद’, म्हणजे तुमचं फिरणं छान होवो, असं म्हणून निघून जातं. माझ्याकडे तयार असलेली तीन उत्तरं तशीच राहिली.

एकदा कास्तानेच्या लॉकपर्यंत गेलो आणि बोट चढताना पाहिली. पुस्तकी मराठीत लॉकला ‘जलपाश’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं त्यात बोट फासावर जाते. प्रत्यक्षात ती एक दगडी खोली असते, पुढं-मागं दोन दारांची. खालची बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाचं पाणी हळूहळू आत सोडायचं. पाणी भरतं तशी बोट वर उचलली जाते. पातळी जुळली की पुढचं दार उघडतं आणि बोट वरच्या मजल्यावरून चालू लागते. दारं दोन झडपांची, पाण्याच्या दाबाकडं टोक करून मिटणारी. जितका दाब जास्त तितकी ती घट्ट बसतात. रिकेनं या खोल्या लंबगोल बांधल्या, कारण सरळ भिंतीची एक सुरुवातीलाच मातीच्या दाबानं आत आली होती. बेझिएजवळ तर अशा आठ खोल्या एकीला एक लागून आहेत, पाण्याचा जिनाच.

मी काठावर उकिडवा बसून दारांच्या फटी बघत होतो. गळती होती. थोडी, पण होती. तीनशे चाळीस वर्षांत एवढी चालायचीच.

बोटीत सहा-सात पर्यटक होते, सगळे माझ्याच वयाचे. या भाड्याच्या बोटी चालवायला परवाना लागत नाही आणि ते पाहताक्षणी कळतं. आधी डावी भिंत, मग उजवी भिंत, मग एकमेकांवर ओरडणं. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे. आम्ही ताशी तीननं चालतो. पण लॉकमध्ये त्यांचा इतका वेळ जातो की एकाच बोटीला आम्ही त्या सकाळी तीनदा मागं टाकलं. तिसऱ्या वेळी तिच्यातल्या बाई हिला ‘रामराम’ म्हणाल्या.

दुपारी लॉक बंद. पाणी होतं, बोटी रांगेत उभ्या होत्या, पण लॉकवाल्याची जेवणाची वेळ झाली होती. गावातली बेकरी बंद, दुकान बंद. आमच्याकडे पाटकऱ्यानं पाण्याच्या पाळीच्या दिवसांत बांधावर भाकरी सोडली आणि पाटानं दगा दिला, असं कितीदा झालंय. इथं कालवा स्वतःच तासभर जेवायला बसतो. आम्हीही बाकावर डबा उघडला. थालीपीठ, लोणी आणि शेंगदाण्याची चटणी.

शेजारी एक आजोबा गळ टाकून बसले होते. घडीची खुर्ची, दोन काठ्या, छत्री, थर्मास. त्यांना थालीपीठ दिलं. त्यांनी आम्हाला चीज दिलं. हिनं वास घेतला आणि माझ्या हातात ठेवलं. जावईबापू त्या दिवशी बरोबर होते. त्यांना मी विचारायला लावलं की मासे मिळतात का. मिळतात, आजोबा म्हणाले, मोठे मिळतात. मग करता काय? परत सोडून देतो.

‘‘मग कशाला?’’ हा प्रश्न या वेळी हिनं विचारला. जावईबापूंनी तो भाषांतर न करता गिळला.

परतताना मला ओळखीचं काहीतरी दिसलं आणि जीव हरखला. शेताच्या कडेनं एक जाड नळी कालव्यात उतरली होती. ‘‘मोटार!’’ मी ओरडलोच. इतके दिवस परक्या मुलखात वाटत होतं, एकदम घरी आल्यासारखं झालं. पण जावईबापू म्हणाले की आता या कालव्यातून शेतीलाही पाणी देतात, ते रीतसर असतं. परवाना, मीटर, पट्टी, सगळं. माझा उत्साह मावळला.

या काठाचं खरं वैभव म्हणजे प्लेनची झाडं. चट्ट्याचट्ट्यांच्या सालीची, दोन्ही बाजूंनी वर जाऊन हात मिळवणारी. बरीचशी एकोणिसाव्या शतकात लावलेली, एकेकाळी बेचाळीस हजार होती. उन्हाळ्यात खालून चालताना चर्चमधून चालल्यासारखं वाटतं. पण पुढं एका ठिकाणी छत अचानक संपलं. उघडं ऊन, ओळीनं बुंधे कापलेले. एक बुरशी आहे, सालीवर डाग पाडून झाड आतून मारते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. या कालव्याकाठी ती २००६ मध्ये सापडली. उपाय नाही. रोगी झाड आणि त्याच्या शेजारचीही तोडायची, जागेवर जाळायची. हजारो गेली. जागोजाग ओकच्या एका जातीची आणि इतर रोपं लावलीत, काठीला बांधलेली, माझ्या उंचीची. त्यांना पाणी घालणारा माणूस माझ्याच वयाचा होता. बोंजूर झालं. त्या सावलीत बसणारे आम्ही दोघंही नव्हे, हे दोघांनाही कळत होतं. त्याबद्दल बोलण्याइतकं फ्रेंच मला येत नव्हतं, ते बरंच झालं.

एका रविवारी आगगाडीनं आझेंला गेलो. तिथं कालवा गारोन नदीला ओलांडतो, पुलावरून. ५३९ मीटर लांब, २३ कमानी. जलसेतू मी बांधलेले आहेत, पण त्यावरून बोट जाताना पाहिली नव्हती. खाली मोकाट नदी, वर शिस्तीतलं पाणी आणि मधून कठड्याशी आपण. नदी घाईत होती. आमच्या शेजारचं पाणी तिच्याकडं बघतही नव्हतं. तुलूझपासून पुढचा हा कालवा १८५६ मध्ये पुरा झाला आणि १८५७ मध्ये त्याच्याच सोबतीनं रेल्वे सुरू झाली. मुहूर्त काढणारा गुरुजी कोण होता, ते कळलं नाही. माल हळूहळू रुळांवर गेला, मग डांबरी रस्त्यांवर. काठाची ही वाट खरी तर बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. घोडे गेले, मालाच्या बोटी गेल्या, वाट उरली. कामासाठी खणलेल्या गोष्टीचं काम संपलं की ती फिरायला बरी पडते. उपअभियंत्यांचंही तसंच असावं.

शेवटच्या आठवड्यात पॅरिस झालं आणि पॅरिस बघून पाय दुखायला लागले म्हणून मुलीनं फोंतेनब्लोच्या जंगलात चालायला नेलं. जंगलात शिरताशिरता पाठीवर गाद्या बांधलेली तरुण मुलं-मुली भेटली. ‘‘बिचारी, भाड्याची खोली मिळाली नसेल,’’ ही हळहळली. ती दगड चढणारी मंडळी निघाली. हे जंगल वालुकाश्माच्या अवाढव्य धोंड्यांनी भरलेलं आहे. पोरं त्यावर चढतात, पडतात, म्हणून खाली गादी. पडायचं ठरवून, गादी घेऊन जायचं!

या जंगलाचा खरा धनी मात्र क्लोद-फ्रांस्वा देनकूर. १७८८ चा जन्म, नेपोलियनच्या सैन्यात लढलेला. पुढं बराकीतली नोकरी राजकीय मतांपायी गेली. रिकामा झालेला हा गडी जंगलात भटकायला लागला आणि १८४२ पासून त्यानं लोकांसाठी वाटा पाडायला घेतल्या. दगडांवर, झाडांवर निळ्या खुणा केल्या, पायऱ्या बांधल्या, गुहा मोकळ्या केल्या, झाडांना आणि धोंड्यांना नावं दिली, नकाशे-पुस्तिका छापल्या. मरेपर्यंत, म्हणजे १८७५ पर्यंत, हेच. दीडशे किलोमीटरच्या आसपास वाटा. तोवर जंगलातले रस्ते राजाच्या शिकारीसाठी, लाकूडतोड्यांसाठी, सैन्यासाठी होते. देनकूरची वाट कुठंच जात नाही. फिरवते आणि जिथून निघालो तिथं आणून सोडते. भत्ता नाही, मंजुरी नाही, वर पदरचे पैसे. माझ्या नोकरीच्या काळात असा अंदाजपत्रकाचा कागद कुणी टेबलावर ठेवला असता, तर मी ‘प्रयोजन?’ असा शेरा मारून परत पाठवला असता.

त्याच काळात जवळच्या बार्बिझोंच्या चित्रकारांनी इथली जुनी झाडं तोडू नका म्हणून ओरड केली आणि १८६१ मध्ये हजारावर हेक्टर जंगल सरकारनं राखून ठेवलं. कारण काय, तर ते चित्रात छान दिसतं. पुन्हा ‘प्रयोजन’ रकाना रिकामाच.

आता फ्रान्सभर रंगांची भाषा आहे. वर पांढरा आणि खाली लाल पट्टा असेल तर लांब पल्ल्याची वाट, पिवळा असेल तर आसपासची छोटी फेरी. फोंतेनब्लोत निळाही. हे सगळं मुलीनं गाडीत समजावलं होतं. मी पुढं निघालो, कारण खुणा वाचणं हे माझंच काम. थोड्या वेळानं एका सुंदर ओकवर फुली दिसली. रस्ता रुंद करायचा असला की तोडायच्या झाडांवर अशीच फुली मारतात. मी स्वतः मारलेल्या आहेत. मला वाईट वाटलं. पुढच्या झाडावरही फुली. मी दोन्ही झाडांना हात लावला, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि पुढं गेलो. फुलीचा अर्थ ‘ही वाट तुमची नाही’ असा असतो, हे चाळीस मिनिटांनी मुलगी धापा टाकत मागून आली तेव्हा कळलं.

‘‘बाबा, कुठं चालला होतात?’’

तीन महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘‘कुठं नाही,’’ मी म्हणालो. ते खरं होतं.

नव्वद दिवस संपले, गावी परतलो. दुसऱ्याच सकाळी सवयीनं जाग आली आणि आमच्या पाटावर गेलो. पाळी चालू होती, पाणी तांबूस, घाईत. भरावावर फ्रान्ससारखी सावली नाही, बाभळी आहेत. मी हात मागं बांधून रमतगमत चाललो. दोघांना रामराम केला. तिसरा थांबला.

‘‘साहेब, इकडं कुठं?’’

‘‘कुठं नाही. नुसता फिरतोय.’’

तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग मोबाइल काढून वळणाआड गेला. मी चार किलोमीटर गेलो आणि आलो, आभाळाकडं बघत. रोज जाऊ लागलो. पहिल्या चार दिवसांत भरावावरच्या अकरा मोटारी उचलल्या गेल्या. साहेब निवृत्त झालेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण काही काम नसताना पाटावरून कुणी चालेल यावर गावात कुणाचाही विश्वास बसला नाही.

त्या पाळीला टेलला पाणी पोचलं.